ऑरेगनचे डोंगर, जंगलं आणि ज्वालामुखी तळी : आठवडाभराची गाईडसह सायकल सहल करावी का?

अनघा_पुणे · ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी ५६ वर्षांची, गेल्या वर्षी बँकेतून निवृत्ती घेतली. गेली बारा वर्षं नियमित सायकल चालवते. दर रविवारी खडकवासला किंवा पानशेत, महिन्यातून एकदा सिंहगड. सलग चालवलेले जास्तीत जास्त दिवस म्हणजे तीन, पुणे ते गणपतीपुळे.

मुलगा अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या हिल्सबरोला आहे. येत्या सप्टेंबरात त्याच्याकडे जायचं ठरतंय. तो म्हणतो, "आई, गाडीने क्रेटर लेक दाखवतो, दोन दिवसांत होईल." पण मला ते काचेआडून बघायचं नाहीये. शोधता शोधता तिथल्या एका छोट्या कंपनीची सात दिवसांची सायकल सहल सापडली. दोन गाईड, एक गाडी, जास्तीत जास्त बारा जण. बेंड गावाहून सिस्टर्स गावी, मॅकेन्झी पास हा घाट ओलांडून पलीकडच्या जंगलात दोन दिवस, परत बेंडला येऊन कॅस्केड लेक्सचा रस्ता, मग डायमंड लेक आणि शेवटच्या दिवशी क्रेटर लेकची प्रदक्षिणा. रोज ४० ते ७५ किलोमीटर.

पैसे बरेच आहेत. यांचं म्हणणं, "तुझी निवृत्ती, तुझा निर्णय." पैशांपेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. बाकीचे सगळे दणकट अमेरिकन असतील आणि मी रोज सगळ्यात मागे असेन. माझ्यामुळे अकरा लोक खोळंबतील ही कल्पनाच सहन होत नाही.

कोणी असा अनुभव घेतलाय का? गाईडसह जाणं खरंच गरजेचं असतं का?

घाटवाटा · ११ जानेवारी, रात्री १०:०५

अनघाताई, आधी मनापासून अभिनंदन, असा विचार केल्याबद्दल!

चढाचं गणित सांगतो. सिस्टर्स गाव साधारण ९७० मीटरवर, मॅकेन्झी पास १६२३ मीटरवर, मधलं अंतर सुमारे २४ किलोमीटर. म्हणजे चढ सिंहगडाच्या जवळपासच, पण सिंहगड तो आठ-नऊ किलोमीटरमध्ये अंगावर घालतो. तुम्ही महिन्याला सिंहगड करता ना? मग पाय तयार आहेत. प्रश्न सलग सात दिवसांचा आहे, एका घाटाचा नाही.

वरणफळ · ११ जानेवारी, रात्री १०:११

वाचतेय. पहिला प्रश्न : सात दिवस जेवणार काय?

मंदार_बे · १२ जानेवारी, सकाळी ७:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी साधारण हाच भाग स्वतः केला. भाड्याची गाडी, मागे सायकलींचा स्टँड, सगळी बुकिंग आपापली. खर्च निम्म्याहून कमी आला. रस्ते डांबरी आहेत, पाट्या स्वच्छ आहेत, चुकायची सोय नाही. एल्क लेकच्या काठावर आवडलं म्हणून आम्ही अर्धा दिवस नुसते बसून राहिलो. गटासोबत असतो तर "चला, चला" झालं असतं.

ताई, मुलगा तिथे आहेच. त्याला आठवडाभर सुट्टी काढायला सांगा, तो गाडी चालवेल, तुम्ही सायकल. त्यासाठी एवढे पैसे कशाला मोजायचे?

केशरभात · १२ जानेवारी, सकाळी ८:०२

मंदार, तुमच्या चौघांत गाडी कोण चालवायचं?

मंदार_बे · १२ जानेवारी, सकाळी ८:२०

आळीपाळीने. रोज एक जण गाडीवर. (हो, मॅकेन्झी पासच्या दिवशी माझी पाळी होती. तो घाट मी गाडीतूनच पाहिला. त्याची हळहळ आजही आहे.)

हिल्सबरोकर · १२ जानेवारी, रात्री ११:१५

हा धागा माझ्यासाठीच निघाला असं वाटतंय. मी नऊ वर्षं इथे आहे. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात बायको आणि मी अशीच गाईडसह सहल केली. मार्ग जवळपास तुम्ही लिहिलाय तोच, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिला दिवस बेंड ते सिस्टर्स. हा सगळा कोरडा भाग, पॉन्डेरोसा पाइनची जंगलं. झाडं उंच, खाली मोकळं, बुंध्याची साल नारिंगी आणि जिगसॉ कोड्यासारखी तुकड्यातुकड्यांची. आमची गाईड एका झाडापाशी थांबली आणि म्हणाली, सालीच्या भेगेत नाक खुपसा. ऊन तापलं होतं. साखरेचा पाक थोडा लाल होईपर्यंत आटवला की घरात दरवळतो, अगदी तोच वास! एवढी वर्षं या झाडांखालून ये-जा केली, पण कधी वास घेतला नव्हता.

दुसरा दिवस मॅकेन्झी पास. हा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद असतो आणि गाड्यांसाठी साधारण जूनच्या मध्यानंतर खुला होतो. त्याआधी बर्फ काढून झाला की काही आठवडे सायकलवाल्यांचं राज्य असतं. ३५ फुटांपेक्षा लांब वाहनांना इथे कायमची बंदी आहे, त्यामुळे ओंडक्यांचे अजस्र ट्रक या घाटात नसतात. माथ्याकडे झाडं एकदम संपतात आणि दोन्ही बाजूंना काळ्या लाव्हाचे ढीगच ढीग. नांगरून टाकलेलं काळं शेत मैलोन् मैल पसरावं तसं. १९६४ मध्ये चांद्रमोहिमेच्या तयारीसाठी अंतराळवीरांना या भागातल्या लाव्हावर चालायला आणलं होतं. माथ्यावर त्याच दगडांची बांधलेली एक वेधशाळा आहे, १९३५ सालची. दुर्बीण वगैरे काही नाही. जाड भिंतींना झरोके ठेवलेत आणि एकेका झरोक्यातून एकेक शिखर दिसतं.

उतरताना मात्र जग बदलतं. पश्चिमेकडे वळणावळणांचा मोठा उतार, आणि काही किलोमीटरमध्ये कोरडं जंगल जाऊन ओलं जंगल येतं. डग्लस फर, नेचे, शेवाळ. पावसाळ्यातला ताम्हिणी आठवतो. समुद्राकडचे ढग पश्चिम उतारावरच रिकामे होतात, पूर्वेला उरतं फारच थोडं. आपल्या घाटमाथ्याचंच गणित.

इथे गाईडची किंमत कळली. माथ्यावर ऊन होतं, सगळे घामेजलेले. तिने एकेकाला थांबवून जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे घालायला लावले, घातल्याशिवाय कोणालाही सोडलं नाही. मी कुरकुरलो. दहा मिनिटांनी सावलीतल्या उतारावर बोटं अशी गारठली की ब्रेक धरवेना. हातमोजे नसते तर त्या वळणांवर काय झालं असतं, विचार नको.

तिसरा दिवस क्लियर लेक. साधारण तीन हजार वर्षांपूर्वी लाव्हाने नदी अडवली आणि तळं झालं. त्या वेळी बुडालेली झाडं पाण्याखाली अजून उभी आहेत, कारण पाणी इतकं थंड की लाकूड कुजत नाही. होडीतून खाली पाहिलं तर उभे बुंधे दिसतात. बायको बराच वेळ बोललीच नाही.

चौथ्या दिवशी बेंडहून कॅस्केड लेक्सचा रस्ता धरायचा होता, पण सकाळी आम्ही धुराच्या वासाने उठलो. कुठेतरी वणवा होता आणि वारा आमच्याकडे फिरलेला. नाश्त्याला गाईड दोघेही आधीच नकाशा पसरून बसलेले. हवेची मोजणी, बंद रस्ते, सगळं बघून त्यांनी तासाभरात मार्ग बदलला, आम्हाला गाडीत घालून दक्षिणेकडे नेलं आणि आमचा दिवस वाचवला. एकटे असतो तर हॉटेलात खिडक्या लावून बसलो असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात धूर ही इथली खरी जोखीम आहे. २०२० च्या सप्टेंबरात मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात लागलेल्या आगीत वस्त्याच्या वस्त्या गेल्या. ताई, पैसे भरण्याआधी विचारा : धूर आला तर पर्यायी मार्ग आहे का, आणि सहलच रद्द झाली तर पैशांचं काय?

क्रेटर लेकबद्दल उद्या लिहितो, मुलीला झोपवायचंय.

खडीसाखर · १३ जानेवारी, सकाळी ९:१२

हिल्सबरोकर, काय सुंदर लिहिलंय! पाकाच्या वासाने इथे भूक लागली.

एक बाळबोध प्रश्न. क्रेटर लेक म्हणजे आपल्या लोणारसारखंच का?

भूस्तर · १३ जानेवारी, दुपारी १:४५

खडीसाखर, प्रश्न मुळीच बाळबोध नाही. माझे विद्यार्थीही दरवर्षी हा विचारतात.

दिसायला दोन्ही गोल, दोन्हींत पाणी, पण जन्म वेगळा. लोणार उल्केच्या आघाताने झालं. वरून काहीतरी येऊन आदळलं आणि बेसॉल्टमध्ये खड्डा पडला. म्हणजे खडक ज्वालामुखीचा, खड्डा मात्र आकाशातून आलेला. क्रेटर लेकमध्ये वरून काही पडलं नाही, डोंगरच खाली गेला. तिथे माझामा नावाचा सुमारे ३७०० मीटर उंचीचा ज्वालामुखी होता. सुमारे ७७०० वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला, पोटातला मॅग्मा बाहेर फेकला गेला, खाली आधार राहिला नाही आणि माथा आत कोसळला. अशा खळग्याला कॅल्डेरा म्हणतात. त्यात शेकडो वर्षं बर्फ आणि पाऊस साठत गेला. तळ्याला एकही नदी मिळत नाही, एकही निघत नाही. खोली ५९४ मीटर, अमेरिकेत सगळ्यात जास्त. गाळ आणणारा प्रवाहच नाही, म्हणून पाणी इतकं नितळ आणि निळं.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यावर माती आली, झाडोरा आला, किल्ले आले. हिल्सबरोकर ज्या काळ्या ढिगांबद्दल सांगतात तो लाव्हा काही हजार वर्षांचाच आहे. सह्याद्री तान्हा असताना कसा दिसत असेल त्याचा अंदाज तिथे येतो. मला स्वतःला एकदा तिथे उभं राहायचं आहे.

वरणफळ · १३ जानेवारी, दुपारी २:१०

भूस्तर सर, "सह्याद्री तान्हा असताना" हे शब्द मनात राहिले. (जेवणाचं अजून कोणी सांगितलं नाही.)

चाक_आणि_मी · १३ जानेवारी, रात्री ८:३०

अनघाताई, ई-बाइकचा विचार केलात का? बऱ्याच सहलींत भाड्याने मिळते. मागे पडायची भीतीच उरत नाही.

घाटवाटा · १३ जानेवारी, रात्री ८:४४

सहमत नाही. बारा वर्षं स्वतःच्या पायांवर चढणाऱ्या बाईला मोटर कशाला? घाट चढून आल्यावर जो आनंद मिळतो तो बॅटरीने कमी होतो.

आजोबा६८ · १३ जानेवारी, रात्री ९:२०

घाटवाटा, तुमच्या वयात मीही असंच बोलायचो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं सायकल बंद होती. आता ई-बाइकवर खंबाटकी चढतो. माथ्यावर बसून चहा पितो तेव्हा आनंद पूर्ण असतो, कमी-बिमी काही नाही. ज्याला जे जमेल त्याने ते चालवावं. फक्त चालवावं.

घाटवाटा · १३ जानेवारी, रात्री ९:२६

काका, माफ करा. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शब्द मागे घेतो.

शमिका_फिजिओ · १४ जानेवारी, सकाळी ६:५०

तयारीबद्दल लिहिते, माझं रोजचं काम तेच आहे.

अनघाताई, एका दिवसाचं अंतर वाढवू नका, लागोपाठचे दिवस वाढवा. मेपासून महिन्यातून एकदा शुक्र-शनि-रवि असे तीन दिवस, जुलैत एकदा चार दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जड असताना सायकलवर बसायची सवय व्हायला हवी, खरी परीक्षा तीच. पावसाळ्यात घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) केलंत तरी चालेल. आठवड्यातून दोनदा पाठ, खांदे आणि मांड्यांचे व्यायाम. लांबच्या सहलीत पायांआधी मान आणि तळहात बोंबलतात.

आणि लाज न बाळगता लिहिते, कारण बायका हे विचारत नाहीत : खोगीर. भाड्याच्या सायकलचं खोगीर तुमच्या बसण्याचं नसणार. स्वतःचं खोगीर काढून बॅगेत न्या, तिथे पाच मिनिटांत बसवून देतात. पॅडवाल्या चड्ड्या कमीत कमी तीन, आतून दुसरं काही घालायचं नाही, रोज धुतलेली घालायची, आणि मलम पहिल्या दिवसापासून लावायचं, दुखायला लागल्यावर नाही. तिसऱ्या दिवशी सहल सोडून द्यायची वेळ येते ती बहुतेकदा याच कारणाने.

केशरभात · १४ जानेवारी, सकाळी ७:१५

शमिका, खोगिराच्या परिच्छेदासाठी शंभर वेळा धन्यवाद. हे मला कोणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

हिल्सबरोकर · १४ जानेवारी, रात्री १०:५०

परवाचं पुढे. क्रेटर लेक.

डायमंड लेकला मुक्काम. त्या तळ्याभोवती सुमारे १८ किलोमीटरचा फक्त सायकल-पादचाऱ्यांचा रस्ता आहे, आदल्या संध्याकाळी पाय मोकळे करायला छान. सकाळी निघालो तेव्हा सायकलच्या नळ्यांवर दहिवर गोठलेलं. क्रेटर लेकच्या काठावरचा रस्ता ५३ किलोमीटरचा, पण सपाट भाग जवळजवळ नाहीच. सतत चढ-उतार, एकूण चढ हजार मीटरहून जास्त, आणि जवळजवळ सगळं दोन हजार मीटरच्या वर, त्यामुळे धाप लवकर लागते. रस्ता अरुंद, कडेला पट्टी नाही, काही ठिकाणी कठडाही नाही. गेली काही वर्षं सप्टेंबरातले दोन शनिवार पूर्वेकडचा रस्ता गाड्यांना बंद ठेवतात. ताई, तुमच्या सहलीचा शेवटचा दिवस त्या शनिवारी येतो का बघा. आमचा आला होता, आणि त्या शांततेत फक्त साखळीचा आवाज आणि तो करडा-काळा नटक्रॅकर पक्षी.

निळ्या रंगाचं वर्णन करायला गेलो तर जमणार नाही. मोरपंखाच्या डोळ्यातला सगळ्यात आतला निळा आठवा. तळ्यात एक ओंडका उभाच्या उभा तरंगतो, तो १८९६ सालापासून तरी तसाच आहे. आम्हाला वरून दिसला नाही, पण शोधायला मजा आली.

@वरणफळ, जेवण : शाकाहारी असल्याचं आधी कळवलं होतं. बीन्सचे बरितो, पास्ता, सूप, ब्रेड, भरपूर फळं. उपाशी राहत नाही, पण चौथ्या दिवशी जिभेला तिखट हवं होतं. बायकोने लसणाची चटणी नेली होती. पाचव्या दिवशी टेबलावरचे सगळे ती ब्रेडवर घालून खात होते आणि गाईड डबीवरचं नाव लिहून घेत होता. डबी घरची, नाव कसलं असणार!

वरणफळ · १४ जानेवारी, रात्री ११:०५

अखेर! अनघाताई, यादी घ्या : लसूण चटणी, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की, गुळाचे लाडू, भाजणीचं पीठ मुलाच्या घरी. ताजी फळं आणि भाज्या मात्र विमानतळावर काढून घेतात, त्या नेऊ नका.

आजोबा६८ · १४ जानेवारी, रात्री ११:२०

चिक्की खिशात ठेवायची असेल तर आधीच बारीक तुकडे करून ठेवा. चालत्या सायकलवर अख्खी वडी चावणं म्हणजे दाताशी वैर.

खारीचा_वाटा · १५ जानेवारी, सकाळी ११:००

सगळं गोड गोड चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडते. मी दुसऱ्या एका देशात दुसऱ्या एका कंपनीबरोबर गेले होते, नाव लिहित नाही. कागदावर दोन गाईड, प्रत्यक्षात एकच, आणि तोही गाडी चालवत. म्हणजे रस्त्यावर आमच्याबरोबर कोणीच नाही. माझ्या उंचीची सायकल नव्हती, दोन नंबर मोठी दिली आणि "होईल सवय" म्हणाले. सहाव्या दिवशी मनगट सुजलं. परत आल्यावर मेल केले, उत्तर आलं नाही.

तेव्हा ताई, "गाईडसह" या शब्दावर विसंबू नका. लेखी विचारा. सायकलवरून आमच्यासोबत किती जण असतील आणि गाडीत किती? शेवटच्या माणसाच्या मागे कोण असेल? माझ्या उंचीची सायकल आधी राखून ठेवणार का, सगळ्यात हलका गिअर कोणता? राष्ट्रीय उद्यानात सहल चालवायचा परवाना आहे का? आणि आपल्या बाजूने : प्रवास विम्यात सायकलिंग बसतं का, पॉलिसी स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर नाही.

मंदार_बे · १५ जानेवारी, दुपारी १२:३०

हेच म्हणत होतो. स्वतः गेलात तर सायकल आपण निवडतो, वेळ आपली. फसवणुकीला जागा नाही.

हिल्सबरोकर · १५ जानेवारी, रात्री ९:४०

मंदार, तुम्ही चौघे तिशीतले, गाडी चालवणारे, पंक्चर काढणारे. घाटात बऱ्याच भागात फोनला रेंज नाही. एकट्या बाईला तिथे साखळी तुटल्यावर काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. आणि मुलाला गाडीत मागे लावायचं म्हणजे तो आठवडाभर वीसच्या वेगाने गाडी चालवणार. दोघांनाही शिक्षा.

अनघा_पुणे · १५ जानेवारी, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार, वहीत लिहून घेतेय. मुलाला विचारलं. तो हो म्हणाला, पण त्याच्या आवाजावरून कळलं की सुट्टी काढणं सोपं नाही.

खारीचा_वाटा, तुमचे प्रश्न जसेच्या तसे पाठवते. पण माझा मूळचा प्रश्न अजून तसाच आहे. मागे पडण्याचं काय?

सुमनताई_ठाणे · १६ जानेवारी, दुपारी ४:२०

अनघा, मी एरवी फक्त वाचते, पण तुझ्या या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं.

मी ६३ व्या वर्षी गेले. त्याच भागात, मुलीने वाढदिवसाची भेट म्हणून पाठवलं होतं. गटात अकरा जण आणि मी पहिल्या दिवसापासून शेवटची. पहिल्या संध्याकाळी खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी गाईडला म्हटलं, मला गाडीत घ्या, मी सगळ्यांना उशीर करते. त्याने घड्याळ दाखवलं आणि सांगितलं, पुढचे लोक जेवणाच्या जागी पोहोचून तासभर आडवे पडतात, तुझी वाट कोणी बघत नाहीये. आणि शेवटच्या माणसाबरोबर राहणं हे माझं काम आहे, तू गाडीत बसलीस तर मला दुसऱ्या कोणाच्या मागे राहावं लागेल.

दोन गाईड असले की एक पुढे नाहीतर गाडीवर, एक सगळ्यात मागे. मागचा गाईड सहा दिवस माझ्याबरोबर होता. बाकीच्यांना तो संध्याकाळी जेवताना भेटायचा, मला दिवसभर. तो कधी "जोर लाव" म्हणाला नाही. चढ आला की काहीतरी सांगायला लागायचा आणि चढ संपायचा.

क्रेटर लेकला उत्तरेकडून जाताना एक उजाड मैदान लागतं, प्यूमिस डेझर्ट. उद्रेकातली राख आणि फेस आलेला दगड यांचा जाड थर, त्यावर आजही फार काही उगवत नाही. तिथे मी दम घ्यायला थांबले. त्याने रस्त्याकडेचा लिंबाएवढा दगड उचलून माझ्या तळहातावर ठेवला. वजनच नाही! आपण अंघोळीला टाचा घासायला वापरतो तसा, भोकाभोकांचा. मग त्याने डब्याच्या झाकणात पाणी ओतलं आणि दगड त्यात सोडला. दगड तरंगला. दोघं रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून तरंगणारा दगड बघतोय आणि पुढचे दहा जण केव्हाच निघून गेलेले. मग त्याने दगड होता तिथे परत ठेवला, उद्यानातून काही न्यायचं नसतं.

तिथेच त्याने मला चपलांची गोष्ट सांगितली. तिथून ईशान्येला फोर्ट रॉक नावाची गुहा आहे. १९३८ मध्ये तिथे उत्खनन झालं, माझामाच्या राखेचा थर लागला आणि त्या थराच्या खाली चपला मिळाल्या. एक-दोन नाही, डझनांनी. सेजब्रश झुडपाच्या सालीच्या, विणलेल्या, नऊ हजार वर्षांहून जुन्या. म्हणजे तो डोंगर उभा होता तेव्हाही तिथे माणसं राहत होती, चपला विणत होती. क्लॅमथ लोकांच्या परंपरेत त्या डोंगराच्या कोसळण्याची कथा आहे, पाताळाचा लाओ आणि आकाशाचा स्केल यांच्या युद्धाची. गाईड म्हणाला, ती कथा सांगणाऱ्यांच्या पूर्वजांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

सहल संपल्यावर मी मुलीला घेऊन यूजीनला विद्यापीठाच्या संग्रहालयात गेले, फक्त त्या चपला बघायला. दाट विणीचा सपाट तळवा, पुढे बोटांवर येणारी झडप. मी काचेपाशी उभी राहिले आणि मला माझ्या आजीचे हात आठवले, केरसुणी बांधतानाचे.

पुढच्या दहा जणांना ही गोष्ट कळलीच नाही. मीच त्यांना रात्री जेवताना सांगितली.

खडीसाखर · १६ जानेवारी, दुपारी ४:५०

सुमनताई… काय लिहू. दोनदा वाचलं. नुसतं वाचत राहू नका, लिहीत राहा.

भूस्तर · १६ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

ताई, परवानगी असेल तर झाकणातल्या दगडाचा प्रयोग वर्गात सांगेन. अकरावीला प्यूमिस शिकवताना मी फक्त फळ्यावर लिहितो, "घनता पाण्यापेक्षा कमी". उद्यापासून बादली नेणार.

सुमनताई_ठाणे · १६ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

जरूर, सर. मुलांच्या हातात द्या आधी.

मंदार_बे · १६ जानेवारी, रात्री ९:००

सुमनताई, माझं मत पूर्ण बदललं नाही, चार मित्र असतील तर मी पुन्हा स्वतःच जाईन. पण प्यूमिस डेझर्टमधून आम्ही चाळीसच्या वेगाने गेलो होतो. कोणीतरी म्हणालं, "इथे काही नाहीये, चला पुढे." ते वाक्य बहुतेक माझंच होतं. अनघाताई, तुम्ही गाईडसह जा.

शमिका_फिजिओ · १६ जानेवारी, रात्री ९:२५

+१. आणि ताई, हलका गिअर नक्की विचारा. पुढे ३४, मागे निदान ३४ दातांची चक्री. गुडघे दुवा देतील.

अनघा_पुणे · २ फेब्रुवारी, रात्री ८:१०

मंडळी, उशिरा येतेय.

सगळे प्रश्न कंपनीला पाठवले. तीन दिवसांत एकेका प्रश्नाचं उत्तर आलं. दोन्ही गाईड सायकलवर, गाडीला तिसरा माणूस. शेवटच्या माणसामागे रोज एक गाईड. माझ्या उंचीची सायकल राखून ठेवली आहे, गिअर ३४-३४. धूर आला तर काय, तेही लेखी आहे. शेवटचा दिवस गाड्या बंद असलेल्या शनिवारी येईल असंच त्यांनी आखलंय, उद्यानाच्या तारखा जाहीर झाल्या की नक्की होईल.

काल पैसे भरले. बटण दाबताना हात थरथरत होता. हे शेजारी उभे होते, म्हणाले, "दाब गं, नाहीतर मी दाबतो."

सुमनताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. सहलीनंतर मुलाबरोबर यूजीनला जायचं ठरवलंय.

आता तयारी. या रविवारी सिंहगड आणि सोमवारी लगेच पानशेत, शमिकाने सांगितलं तसं लागोपाठ. पुण्यातलं कोणी येतंय का? मी हळू चालवते, आधीच सांगते.

घाटवाटा · २ फेब्रुवारी, रात्री ८:३२

रविवारी पहाटे साडेपाच, खडकवासल्याच्या चौपाटीवर. मी येतो. तुमच्या मागे राहीन.

आजोबा६८ · २ फेब्रुवारी, रात्री ८:४०

मीही. बॅटरी चार्ज करून ठेवतो. गडावरचं पिठलं-भाकरी माझ्याकडून.

वरणफळ · २ फेब्रुवारी, रात्री ८:४१

सायकल नाहीये माझ्याकडे. पण पिठलं म्हणालात, तर चालत येते. कितीला पोहोचताय वर?